ह्यांच्या विमानाची नळी

१९ मे १९९८, मंगळवार
आज टपालाने आलं: पारदर्शक नळी सहा मीटर, ११ रेआल ४० सेंताव. क्लॅम्प आठ, ३.२०. टपालखर्च २.१०. एकूण १६.७०.
अदाउतो मेकॅनिक सांगतो ती नळी, आतून टेफ्लॉनचं अस्तर आणि वरून तारेची जाळी, मीटरला २८. नळीवरच १५६.६० वाचले. त्यात चॅपेलच्या वेदीचा पडदा होईल. काटकसर हीसुद्धा प्रार्थनाच.
दुकानदाराने दूध काढायच्या यंत्राची म्हणून दिली. दूध काय, पेट्रोल काय, दोन्ही पातळच.
ह्यांना दाखवली. म्हणाले, "तू बघितलीस ना? मग झालं."

२० मे
तेरा जूनला संत अंतोनीची मिरवणूक. हे आपल्या दोन सीटच्या विमानातून वरून गुलाबपाकळ्या टाकणार. फादर क्लेमेंतेंना शब्द मीच दिला, सगळ्या बायकांसमोर.
विमानाचं खास पेट्रोल परवडत नाही. पंपावरचंच घालणार. अदाउतो म्हणाला, "वहिनी, पंपावरच्या पेट्रोलात पाव भाग अल्कोहोल. साध्या नळीचा मऊपणा खाऊन टाकतो तो." मी म्हटलं, मॅट्रिकला रसायनशास्त्रात मला चौऱ्याहत्तर मार्क होते. म्हणाला, "मग मार्कच जोडू का इंजिनाला?"
तोंडाळ माणूस. बायकोने सोडलंय, उगीच नाही.

२१ मे
टेस्ट घेतली. नळीचा तुकडा पामितोच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, वर पेट्रोल. रात्रभर ठेवला. सकाळी जसाच्या तसा. पास.
ह्यांनी दुपारी नळी बसवली. शिट्टी वाजवत होते.

३० मे
बरणीतला तुकडा बाहेर काढून वाळवला. पिवळा पडलाय आणि वाकत नाही. कडक म्हणजे मजबूत. मऊ वस्तूचा काय भरवसा?
अदाउतोला सांगितलं नाही. त्याला कशातही खोट दिसते.

४ जून
जोडाशी ओल. हे म्हणाले, "पेट्रोल झिरपतंय का गं?" मी म्हटलं, सकाळचं दव. दुपारचे दोन वाजले होते. हे हसले आणि क्लॅम्प आवळला.
तिथून गरम सायलेन्सर वीतभर लांब. मी मोजलं. उगीच.

९ जून
झोप नाही. फादरनी चॅपेलच्या दारावर कागद लावलाय: विमानातून पुष्पवृष्टी. आता नळी बदला म्हणायचं, तर शहरातून यायला आठवडा. आणि विचारतील, का? काय सांगू?
संत अंतोनीची मूर्ती पेल्यातल्या पाण्यात उलटी ठेवली, मागणं ऐकेपर्यंत सरळ करायची नाही. आमच्या आईने माझ्या लग्नासाठी अशीच ठेवली होती, महिन्यात हे भेटले. मागणं एवढंच: शनिवारी वीस मिनिटं नळी टिकू दे. मग खुशाल फुटू दे. नवस: वर्षभर कॉफीत साखर नाही. साखरही वाचेल.

१० जून
वर्ल्डकपात आपल्या ब्राझीलचा सामना. गाव टीव्हीसमोर. तेवढ्यात हँगरमध्ये जाऊन नळीला मेणबत्तीचं मेण चोळलं. मूर्ख नाही मी, मेण पाणी अडवतं, तर पेट्रोलही अडवेल.

११ जून
मेण विरघळलं.
संताचं नाकही. प्लास्टरचा निघाला. पाणीच खराब असणार.
रात्री ह्यांना म्हटलं, "शनिवारी वारा फार असेल, राहू द्या." हे म्हणाले, "तू नळी निवडलीस, मी वाऱ्याला भिऊ?" माझ्या हाताला हात लावला. मी उठून भांडी घासली. घासलेलीच होती.

१३ जून, पहाट
हँगरमध्ये गेले. नुसतं बघायला. नळी सैल केली तर आज उडायचं राहील, असलं काही मनात नव्हतं. हात लावला फक्त. वाळलेल्या मक्याच्या ताटासारखी मोडली. कट्‌कन.
मागे हे उभे, हातात पाकळ्यांची टोपली.
म्हटलं, बघा, संताने मोडली, आपल्या भल्यासाठी.
तुकडा घेऊन ह्यांनी उजेडात धरला. मग म्हणाले, "मी वर असतो तर?" आणि म्हणाले, "संताचं नाव मध्ये आणू नकोस."

१३ जून, संध्याकाळ
पाकळ्या शेवटी घंटेच्या मनोऱ्यावरून टाकल्या. अर्ध्याअधिक बेकरीच्या छपरावर. लोक मात्र शेवटपर्यंत आकाशाकडे बघत होते. फादर म्हणाले, "इंजिनाचं काही बिघडलं का?" हे म्हणाले, "हो, इंजिनच." माझं नाव घेतलं नाही.
घेतलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

१४ जून, रविवार
हे हँगरमध्येच जेवले. भात आणि फेजाँवची उसळ पाठवली, ताट रिकामं परत आलं, निरोप नाही.
अदाउतोकडून विमानाच्या सामानाच्या दुकानाचा पत्ता घेतला. तो एक शब्द बोलला नाही. त्याचंच जास्त लागलं.
पत्राची नक्कल:
"स. न. वि. वि. अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलला चालणारी, टेफ्लॉनच्या अस्तराची, वर तारेची जाळी असलेली नळी सहा मीटर पाठवावी. दुसरी स्वस्त जात सुचवू नये. दर कळवला नाहीत तरी चालेल. नळी कोणत्या दिवशी निघेल तेवढं ह्यांच्या नावे कळवावं, माझ्या नको. घरात सध्या कोणी बोलत नाही, तेव्हा उत्तर उलट टपाली यावं ही विनंती."