बोटीच्या खिडक्या कुणी केल्या

ता. ९ मार्च

चि. छोट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे ठीक. तिकडे तुम्ही तिघं मजेतच असाल, नसतात तर माझी आठवण आली असती. बाबा इस्पितळातून परत आले. छातीत अजून घरघर आहे. माझ्या घरी एक रात्र राहतील तर शपथ! थेट त्यांच्या राहत्या बोटीवर गेले.

बोटीच्या चारही सरकत्या खिडक्यांची रबरं बदलून झाली. मागे तू आलास, दुपारभरात सिलिकॉनने सगळ्या फटी बुजवल्यास आणि जेवून निघून गेलास, आठवतं? काच सरकते त्या खालच्या खोबणीला पाणी बाहेर जायला भोकं असतात. तीही बुजवलीस. रोगापेक्षा इलाज भयंकर! मग पावसाचं पाणी खोबणीत साठून आत, बाबांच्या गादीवर यायचं. मी खरवडायला गेले की ओरडायचे, "हात लावू नकोस. छोट्याने केलंय, तो येऊन बघेल. तुला जमायचं नाही." ओल्या गादीवर झोपले, पण तुझं सिलिकॉन काढू दिलं नाही. छातीचं दुखणं तिथलंच.

म्हणून ते इस्पितळात असताना मी काम उरकलं. आता नीट वाच. आधी काचा उचलून बाहेर काढल्या. तुझं सिलिकॉन सुरीने खरवडलं, भोकं तारेने मोकळी केली. जुनं रबर दगडासारखं कडक झालं होतं, तुकड्यातुकड्यांनी निघालं. नवं रबर साबणाच्या पाण्याने बसवलं, आणि अजिबात ओढलं नाही. ओढून बसवलं की ते नंतर आखडतं आणि कोपऱ्यात फट पडते. शेवटी बादलीभर पाणी ओतून पाहिलं. थेंब आत आला नाही.

हे पुराण तुला का ऐकवतेय?

बाबांनी आल्या आल्या एका बोटाने काच सरकवली. परत सरकवली. मग म्हणाले, "छोट्या आला होता ना?"

माझ्या नखांत अजून काळं रबर होतं. पण त्यांचा चेहरा असा फुलला होता, की मी हो म्हणून बसले.

"मला न भेटताच गेला?"

"इस्पितळात आला होता. तुम्हाला झोप लागली होती."

"वाटलंच मला. असं काम दुसऱ्या कुणाचं असणार?" म्हणाले, आणि किती दिवसांनी पोटभर जेवले. वाढलंही मीच.

इतका राग आला मला, छोट्या! दुरून डोंगर साजरे म्हणतात ते खोटं नाही. मी रोज समोर असते, म्हणून दिसत नाही.

रविवारी ते तुला फोन करणार आहेत. जन्मभर बोटी दुरुस्त केलेला माणूस, खोदून खोदून विचारेल. भोकांचं तर पहिलं. वर लिहिलेलं पाठ करून ठेव. खरं सांगायची हुक्की येऊ देऊ नकोस. मला खरं नको आहे आता, त्यांनी जेवायला हवं आहे.

शेवटी ते तुला शाब्बास म्हणतील. मला ते कधी म्हणाले नाहीत, त्यामुळे त्यांच्या आवाजात तो शब्द कसा लागतो, मला माहीत नाही. फोन ठेवलास की लगेच मला कळव, कसे म्हणाले ते. तेवढं माझं मला दे.

तुझी,
ताई