एका मिनिटात 'एफ'

सोमवार, ४ मार्च

नऊ! मला नऊ मार्क! साहेबांची इंग्रजी पत्रं दुरुस्त करण्यात चौतीस वर्षं घातली, आणि आज कालच्या पोरीनं मला नापास केलं. डॉक्टर असली म्हणून काय झालं!

"आजी, एका मिनिटात एका अक्षराचे जितके आठवतील तितके शब्द सांगायचे. माणसांची, गावांची नावं नकोत. 'प' देऊ?"

"इंग्लिश अक्षर दे," मी म्हटलं. चिरंजीव शेजारीच बसले होते. त्यांनी कपाळाला हात लावला.

तिनं 'एफ' दिलं. मी सुरू केलं. फॅस्टिडियस — चोखंदळ, नाकानं कांदे सोलणारा. फर्टिव्ह — चोरटा. फॅलो — नांगरून मोकळी ठेवलेली जमीन. फ्लॉटसम — बुडालेल्या जहाजाचं पाण्यावर तरंगत राहिलेलं सामान. आता फ्लॉटसम म्हटल्यावर जेट्समही सांगायला नको? जहाज हलकं करायला मुद्दाम फेकून देतात ते. दोन्हींतला फरक नीट समजावत होते, तोवर घड्याळ वाजलं.

"आजी, अर्थ नको होते. आम्ही नुसते शब्द मोजतो."

नुसते शब्द! आमची इंग्लिशची सिस्टर — मुली तिला 'पट्टी' म्हणायच्या — अर्थ न सांगता शब्द उच्चारला तर बाकावर उभं करायची. साठ वर्षं झाली, सवय गेली नाही. तीच आज माझ्या डोक्यातला बिघाड ठरली.

किमान बारा हवेत. तीन आठवड्यांनी पुन्हा, दुसरं अक्षर.

मंगळवार, ५ मार्च

सगळं त्या बसस्टॉपमुळे. कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी बदलली, रंग बदलला. उतरल्यावर घर डावीकडे की उजवीकडे, एकदम सुचेना. उभी राहिले थोडा वेळ. वीस मिनिटं असतील. खालच्या मजल्यावरच्या बातमीपत्रानं बघितलं आणि लगेच चिरंजीवांना फोन! ही बाई स्वतःच्या घरात कधी असते कोण जाणे.

आज चिरंजीवांचा फोन. "आई, पुन्हा कमी आले तर इकडे यायचं आमच्याकडे. वाद नको."

मी काय कपाट आहे, इथून उचललं, तिथं ठेवलं? म्हणे मागची खोली रिकामी केली आहे. न्हाणीघरात धरायला दांडीसुद्धा बसवली. निकालाआधीच शिक्षा! भरपूर बोलले. मग दम लागला.

गुरुवार, ७ मार्च

'एम'. एकटीनंच घड्याळ लावलं. दहा. मॉरोज — खिन्न, घुमा — इथंच अडकले.

शनिवार, ९ मार्च

संध्याकाळी सात वाजता सूनबाईचा फोन. शाळेत गणित शिकवते, बोलणं तोलूनमापून.

"आई, तुम्हाला इथं यायचं नाही ना?"

"नाही."

"मग पास व्हा. मी वेळ लावते. 'बी'. चला."

मी बेनेव्होलंट म्हटलं आणि लगेच 'म्हणजे'—

"अर्थ नाही! पुढे!"

"बेलिजरंट—"

"बॅट, बॉल, बेड, बॅग म्हणा ना!"

"मी काय बालवाडीत आहे?"

"तिथं मोजतात आई, कौतुक नाही करत."

अकरा झाले. मग म्हणाली, "आता सांगा, बेलिजरंट म्हणजे काय?"

"भांडायला टपलेला."

"हां. माहितीतला शब्द आहे." आणि हसली! मीही. बारा वर्षांत ही बया माझ्याशी एवढं बोलली नव्हती.

मंगळवार, १२ मार्च

'डी' — तेरा. दूधवाला सोडला तर दिवसभर तोंड उघडलं नव्हतं. सातला सूनबाईच्या फोनवर उघडलं ते आठपर्यंत मिटलं नाही. तिच्या मुख्याध्यापिकेला डॉग्मॅटिक — आपलंच खरं करणारी — म्हणावं की डॉमिनियरिंग — हुकूम गाजवणारी —, यावर आमची चर्चा. दोन्ही म्हणायचं ठरलं.

शुक्रवार, १५ मार्च

गुडघा. तीन जिने चढून आले आणि भाजीची पिशवी खालीच राहिली. पुन्हा उतरले नाही.

'टी' — सोळा.

बुधवार, २० मार्च

फोनला सात मिनिटं उशीर झाला. विचारलं नाही. तिनंच सांगितलं, पेपर तपासत होते.

'पी' — एकोणीस. पॅन, पेन, पॉट, पिन. लाज वाटते, पण येतात भराभर. अर्थ मिनिटानंतर. आता तीही वहीत उतरवून घेते. "आई, तुम्ही माझ्या वर्गात हव्या होतात," म्हणाली. म्हटलं, "मी असते तर तुझा वर्ग तुला उरला नसता."

सोमवार, २५ मार्च

'एस' आलं. सोप, सॉल्ट, स्पून, स्टूल, सॉक — आख्खं घर मांडलं तिच्यापुढे. अकरावर थांबले. सुचत नव्हतं असं नाही. थांबले. डॉक्टरीण म्हणाली, "आजी, वेळ आहे अजून."

त्या 'आजी'त अशी काही कीव होती, की डोकं फिरलं. बावीस! एकदाच घसरले — सोजर्न, म्हणजे तात्पुरता मुक्काम. सवय.

"उत्तम! एकट्या राहायला काही हरकत नाही." चिरंजीवांनी सुस्कारा सोडला. सुटल्यासारखा की खचल्यासारखा, कळलं नाही. सहाच्या गाडीनं परत गेले.

मंगळवार, २६ मार्च

सूनबाईचा फोन सकाळीच. "जिंकलात आई! झालं ना तुमच्या मनासारखं?" मागच्या खोलीत आता तिची शिकवणी बसेल. संध्याकाळी सहा ते आठ. म्हटलं, छान.

गेल्या रविवारी मी बॅग भरली होती. इथंसुद्धा लिहिलं नव्हतं. चार साड्या, चष्मा, डिक्शनरी. आता उपसायला हवी.

उद्या उपसेन.