झालेलं काम

३ तारीख, सोमवार

आले एकदाची! शहर जेमतेम दीड तासावर, पण इथे सकाळी चक्क पाखरं ऐकू येतात. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, तिन्ही बाजूंना खिडक्या. घरमालकीण काकूंनी आल्या आल्या स्वतः स्टुलावर चढून पडदे लावून दिले आणि वर मलाच, दमलीस गं, म्हणाल्या. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम माझं. खुर्ची, अक्षरांचा तक्ता, भिंगांची पेटी, सगळं नवंकोरं.

आईला फोन केला. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन वीस तारखेला. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटेल तेव्हा पहिलं तोंड तुझंच बघायचंय, असा तिचा हट्ट. म्हटलं, मी काय सातासमुद्रापार आलेय? येणारच.

७ तारीख, शुक्रवार

इथली एक पद्धत मला भारीच आवडली. शहराकडे जायला मालाची एकच व्हॅन. तिच्यात माणसासाठी एकच जागा, ती पाळीपाळीने. बाकीच्यांनी आपापली कामं चिठ्ठीवर लिहून व्हॅनवाल्याकडे द्यायची. जाणारा सगळ्यांची करून येतो. सध्या पाळी लायब्ररीवालीची. माझ्याच वयाची, माझ्याच उंचीची, हसरी. मी लिहिलं, जुन्या घरातून इस्त्री आणि छत्री आणणे. संध्याकाळी दोन्ही दारात हजर!

आयतं मिळत असेल तर मी कशाला हलते? आई म्हणतेच, उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर माझ्या लेकीने.

१२ तारीख, बुधवार

रविवारी आईकडे जायचं होतं, पण अंग हलेना. चिठ्ठी दिली, आईला भेटून येणे. लायब्ररीवाली आनंदाने गेली. आली तेव्हा तिच्या अंगात माझा निळा स्वेटर होता, आईने विणलेला. गार वारा होता म्हणून आईनेच घातला म्हणे.

आज आईला फोन केला. म्हणाली, रविवारी आलीस, किती बरं वाटलं, पण या मेल्या डोळ्यांमुळे तोंड काही धड दिसलं नाही. म्हटलं, अगं, ती मी नव्हते. तर म्हणते, पुरे झाली चेष्टा. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र जरा लागलं मनाला.

१७ तारीख, सोमवार

व्हॅनवाल्याला सांगितलं, एकोणीसला मला जायचंय. काम काय, म्हणाला. म्हटलं, आई. त्याने चिठ्ठ्यांची चवड चाळून माझी काढली. आईला भेटून येणे, आणि पुढे बरोबरची खूण. हे झालंय ताई, झालेलं काम पुन्हा कशाला करायचं? अगदी मायेने म्हणाला. चिठ्ठी परत मागितली तर म्हणे झालेली चिठ्ठी परत मिळत नाही.

काकूंकडे गेले. त्यांनीही तेच सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी नवऱ्याला भेटायची चिठ्ठी दिली होती. तो मजेत आहे, असं त्यांना दर आठवड्याला कळतं. हे सांगताना त्या बटणं शिवत होत्या.

१९ तारीख, बुधवार

भर दुपारी चालतच निघाले. चार वेळा इथल्याच कुणाची तरी गाडी शेजारी थांबली. बस गं, सोडतो, म्हणाले. हात धरून बसवलं आणि परत काकूंच्याच दारात आणून सोडलं. चौथ्यांदा मी किंचाळत होते. ते हसतच होते. एकाने पाणीही दिलं.

आईला फोन लावला. लायब्ररीवालीने उचलला. आई झोपलीये, उद्या ऑपरेशन आहे, तिला त्रास नको, म्हणाली. तुझी आई म्हणाली नाही. नुसतं आई.

२१ तारीख, शुक्रवार

अकरा वाजता फोन लागला. आई रडत होती, आनंदाने. किती गं वाळलीस, किती वर्षांनी नीट दिसलीस — मला नव्हती म्हणत. मी ओरडले, आई, मी इथे आहे! ती कुणाला तरी म्हणाली, कोण बाई आहे बघ गं, रडतेय बिचारी.

बाई.

२३ तारीख, रविवार

आई आली. व्हॅनमधून, त्या एकाच जागेत दोघी, लायब्ररीवालीचा हात धरून. मुलीची खोली बघायला. माझी खोली —

धावले. आईने बघितलं माझ्याकडे. स्वच्छ बघितलं. तक्त्याची शेवटची ओळही वाचेल अशी नजर. आणि विचारलं, तुम्ही इथेच राहता का?

सगळं सांगितलं. हनुवटीवरचा व्रण, लहानपणी जिन्यावरून पडले तो — दाखवला. आईने त्यावरून बोट फिरवलं. मग तिच्याकडे वळून म्हणाली, हिचं कुणीच नाही का गं?

आता निघतायत. आई वर येऊन म्हणाली, शहरात काही काम असेल तर लिहून द्या, माझी मुलगी करील. याच वहीचं पान फाडलं. काय लिहू — जे लिहीन ते तिचं होईल — न लिहावं तर आई जाते —

लिहिलं. तुमच्या मुलीला घरी नेणे.

आईने चष्म्याशिवाय वाचलं. हसली. अहो, हे तर होतंच आहे, म्हणाली. पेन मागून घेतलं आणि बरोबरची खूण केली.

व्हॅन सुरू झाली. खिडकीतून दिसतेय. आई वर बघतेय. व्हॅन थांबली — आई, मी, मी तुझी