एकेचाळीस फुल्या

प्रिय तोफखान्या,

फोन केला असता, पण दिवसभर फोनवरच असतो. संध्याकाळी जबडा इतका दुखतो की मावशीने जेवायला हाक मारली तरी मी नुसती मान हलवतो. म्हणून लिहितोय. हा तिसरा कागद. आधीच्या दोन्हींवर खाडाखोड झाली. तू म्हणशीलच, मास्तर, पत्र लिहितोयस की पेपर सोडवतोयस?

कॉल सेंटरातली आपली शिकवणीची खोली तशीच आहे. हेडफोनच्या स्पंजला तोच कुबट वास. मॅडम नव्या पोरांना ओठांसमोर कागदाची पट्टी धरायला लावतात. इंग्रजी 'पी' म्हणताना ती हलली पाहिजे, नुसता आपला प चालत नाही. पहिल्याच दिवशी तू अशी फुंकर मारलीस की पट्टी उडून त्यांच्या चष्म्यावर बसली आणि तुला तोफखान्या हे नाव पडलं. मी घरी अजून आरशासमोर बसतो. 'डब्ल्यू'ला ओठांचा चंबू, 'झेड'ला गळ्यावर बोट ठेवून थरथर तपासायची. मावशी विचारते, अरे, फुगे फुगवतोयस की माश्या हाकतोयस? तिला काय सांगणार? फोनच्या पलीकडच्या परदेशी बाईचं कपडे धुण्याचं मशीन बंद पडलेलं असतं, ती आधीच वैतागलेली. शब्दाचं शेवटचं व्यंजन मी गिळलं की ती म्हणते, दुसऱ्या कुणाला तरी फोन द्या. हे दिवसातून चार-पाच वेळा होतं. आता वाईटही वाटत नाही, नुसता थकवा येतो.

शिकवणीच्या शेवटच्या आठवड्यात मॅडमनी जोड्या लावल्या होत्या, आठवतं? एकाने दुसऱ्याचं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि व्यंजन साफ नसेल तिथे तक्त्यावर फुली मारायची. मला वाटलं, हा सरावच. दोन दिवस मी तुझं रेकॉर्डिंग मागेपुढे करून ऐकलं. जरा पुसट वाटलं की फुली. एकेचाळीस झाल्या. खाली पट्टीने रेघ मारून बेरीजही लिहिली. तुला उपयोग होईल, एवढंच माझ्या मनात होतं.

पुढच्या सोमवारी तुझी खुर्ची रिकामी. तू तर सगळ्यांना सांगून गेलास की तोंड वेडंवाकडं करून पोट भरण्यापेक्षा मामाच्या दुकानात रंगाचे डबे विकलेले बरे. हसत गेलास. मी ते खरं मानलं. मानायला सोपं होतं.

परवा मॅडमनी जुने तक्ते लावून ठेवायला दिले. त्यात माझा सापडला, तू भरलेला. एकही फुली नाही. खाली तुझ्या वाकड्या अक्षरात 'सगळं साफ'. त्याला तुझा तक्ता टाचलेला, आणि वर मॅडमचा शेरा: जागा एकच, ज्याच्या फुल्या कमी त्याला ठेवावे. या तक्त्यांवरच नोकरी ठरणार हे तुला कुणी सांगितलं होतं, की तू असाच आहेस? दोन दिवस हेच डोक्यात घोळतंय. ज्याचं शेवटचं व्यंजन रोज गळतं, त्याला तू सगळं साफ लिहिलंस.

काल मी मॅडमना सांगितलं की माझा तक्ता खरा नाही, हवं तर माझे फोन ऐका. त्यांनी दोन्ही तक्ते पुन्हा शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाल्या, गुरुवारी अकरा वाजता दोघांना मी स्वतः ऐकते, पण जागा एकच आहे. हे सांगायलाच पत्र लिहिलंय. ये. राग असेल तर रागावून ये, चारचौघांत दोन शब्द सुनाव, पण ये. तुझ्या फुल्या मी पुन्हा मोजल्या. तेहेतीस एकट्या 'व्ही'च्या आहेत. तू दोन्ही ओठ जवळ आणतोस, तिथे वरचे दात खालच्या ओठावर हलकेच टेकव आणि घाई करू नकोस. तेवढं गुरुवारपर्यंत जमेल. माझा आरसा सोबत पाठवतोय. आलास की परत दे.

तुझाच,
मास्तर