फक्त फॅमिलीला

९ सप्टेंबर

आज चौथा फ्लॅट. माणिकपूर, तळमजला. भिंतींना गुडघ्यापर्यंत नवा रंग, वर जुना. "डिझाइन आहे मॅडम," एजंट अल्पेश म्हणाला. जुलैच्या पुराचं डिझाइन! वर, "ऐतिहासिक शहर आहे, किल्ला रिक्षाने वीस मिनिटं." जन्म वसईत गेला माझा, आणि हा मला किल्ला विकतोय.

तरी हो म्हटलं. ऑफिसातल्या सालोमीच्या हॉलमध्ये किती दिवस झोपणार? तिचा भाऊ कुवेतहून यायचाय.

११ सप्टेंबर

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "मिस्टर?"

म्हटलं, वेगळे राहतो.

"मग नाही जमणार. फक्त फॅमिलीलाच देतो."

जितेश हात उचलतो म्हणून त्याचं घर सोडलं. आता घर मिळायला तोच हवा — छान सोय आहे. किल्ल्याला छप्पर असतं तर तिथेच बिऱ्हाड थाटलं असतं.

अल्पेशची युक्ती — "सासू-बिसू आणा ना मॅडम. वयस्कर माणूस बघितलं की कमिटी विरघळते."

सासू! एवढंच राहिलं होतं.

१३ सप्टेंबर

जितेश कामावर असताना राजोडीला गेले, माझा कुकर आणायला. सासूबाई ओटीवर बसल्या होत्या. आठ वर्षं माझ्या आमटीला नावं ठेवलेली बाई. काय बोलायचं म्हणून फ्लॅटचं सांगितलं.

"मी येते तुझ्यासंगं. कोन नाय म्हनतो बघू."

मी हसले. त्या नाही हसल्या. म्हटलं, पितृपक्ष चालू आहे — या दिवसांत त्यांनी मला कधी केरसुणीसुद्धा विकत घेऊ दिली नाही. तर म्हणाल्या, "नुसतं बोलायला कसला मुहूर्त?"

१६ सप्टेंबर

कमिटीपुढे हजर. सासूबाई लग्नाकार्याची साडी नेसून.

"कोण कोण राहणार?"

"मी नि माझी सून. पोरगा फिरतीवर असतो."

"मासे वगैरे?"

"सोमवार, गुरवार, शनवार नाय खात." बाकीचे वार कोणी विचारलेच नाहीत.

मग डोक्यावरचा पदर सावरत — "लाखात एक हाय माझी सून." हे ऐकायला मला आठ वर्षं आणि एक सेक्रेटरी लागला! नाटकात हव्या होत्या. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं. राग येतो मला त्याचा.

परतताना रिक्षात त्यांच्या मनगटाला हळद लावलेली दिसली. "मोरीत घसरले," म्हणाल्या. आणि मला नीट चालायला शिकवायच्या.

१७ सप्टेंबर

मिळाला!!

२० सप्टेंबर

राहायला आले. पितृपक्षातच. येताना केरसुणी घेतली, मुद्दाम.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या

सकाळी बेल वाजली. दारात सासूबाई. कापडी पिशवी, पेपरात गुंडाळलेली विळी.

म्हटलं, अहो, आज अमावास्या. उद्या घटस्थापनेला तरी यायचं.

"उद्यापरेंत कोन थांबल?"

आत घेतलं, पाणी दिलं. पेला धरला तर दुसऱ्या मनगटालाही हळद.

त्या घरातली मोरी कधीच निसरडी नव्हती. ऑफिसात मीही हेच सांगायचे.