ऑर्किडची नखं

६ नोव्हेंबर, शुक्रवार

लेकीने ऑर्किड आणून दिलं. जाड पानं, फूल एकही नाही. म्हणाली, आई, याचं काहीच करायचं नाही. आठवड्यातून एकदा पाणी, खिडकीतला उजेड, बस्स. तुला कुठलीही गोष्ट सुखाने राहू देववत नाही ना, म्हणून मुद्दाम दिलंय. फुलवून दाखव, पुढच्या वेळी दोन दिवसांऐवजी आठवडाभर राहीन.

त्यात काय! मी मुळात ढवळाढवळ करणारी बाई नाहीच. निघताना तिची बॅग तेवढी उघडून पुन्हा नीट भरून दिली.

७ नोव्हेंबर

निश्चय: हात लावायचा नाही.

फक्त पानं पुसली. कुंडी जरा उजवीकडे सरकवली. मग डावीकडे. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, त्याला घेरी येईल.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

कुंडीबाहेर पांढुरकी मुळं लोंबतायत, वाढलेल्या नखांसारखी. शाळेत दर शुक्रवारी प्रार्थनेनंतर सिस्टर आमची नखं तपासायच्या. वाढलेली दिसली की पट्टीचा फटका. मग खिशातली छोटी कात्री काढून स्वतःच कापून द्यायच्या. किती हळुवार धरायच्या बोटं! त्यांच्या हाताचा साबणाचा वास अजून आठवतो.

नखं कापली. म्हणजे मुळं. ही ढवळाढवळ नव्हे, स्वच्छता.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

नखं. झाड मलूल दिसतं. नव्या शाळेत सुरुवातीला मीही मलूल होते, पुढे मॉनिटर झाले.

हे म्हणाले, अगं, त्या मुळांनीच ते हवेतलं पाणी पितं. ह्यांना हवेतलं काय कळतं! पंखा पाचवर ठेवून झोपतात.

१० डिसेंबर, गुरुवार

एक नवंच मूळ आलंय. हिरवंगार, टोक बाळाच्या हातमोज्यासारखं. खाली जायचं सोडून सरळ वर निघालंय! बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणारी एक मुलगी आमच्या वर्गात होती, तिची आठवण झाली. (मीच ती.)

लेकीला फोटो पाठवला. लगेच फोन! आई, आलाय की गं! कमाल केलीस! मी आठवड्याची सुट्टी टाकते, रविवारी येते. तोवर त्याला हात लावू नकोस हं!

काय आलाय ते विचारायचं राहिलं. बहुधा तजेला.

११ डिसेंबर, शुक्रवार

लेक येणार, झाड नीटनेटकं हवं. नखं कापली. त्या आगाऊ मुळापासूनच सुरुवात केली. आतून अगदी रसरशीत निघालं. जरा वाईट वाटलं. पण शिस्त म्हणजे शिस्त.

१३ डिसेंबर, रविवार, दुपार

लेक आली. चपला न काढता थेट खिडकीशी. कुंडी चहूबाजूंनी फिरवून पाहिली. आई, फुलाचा दांडा कुठाय?

मी म्हटलं, कसला दांडा?

फोटोतला गं! हिरवा, वर निघालेला!

हे घाईघाईने बाथरूममध्ये गेले.

मी सगळं सांगितलं. शुक्रवार, सिस्टर, कात्री. ती मटकन खुर्चीत बसली आणि हसतच सुटली. डोळे पुसत म्हणाली, गॅदरिंगच्या आदल्या दिवशी माझे केसही असेच कापले होतेस.

आठवडाभर राहतेय! पण तुझ्यासाठी नाही हं, म्हणाली, झाडाच्या बंदोबस्तासाठी. कात्री काढून घेतली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

नवा निश्चय: आता खरंच कशाला हात लावायचा नाही.

सोफ्यावर तिला डोळा लागलाय. हात असा खाली लोंबतोय. केवढी नखं वाढवलीत पोरीने.

नेलकटर आहे माझ्याकडे.