अकराव्या महिन्यातलं कुलूप

अप्पा,

परवा तुमच्या अंबरनाथच्या घराच्या भाडेकराराचे अकरा महिने भरले. तुम्ही गेल्यापासून हा दिवस जवळ आला की आठवडाभर आधीच माझं डोकं जड व्हायला लागतं. बदलापूरहून निघायचं, दोनदा रिक्षा बदलायची, ते उंच पायऱ्यांचे जिने चढायचे, आणि पर्समध्ये तुमचं पितळी कुलूप. भाडेकरूने सगळं सामान बाहेर काढायचं, मी रिकाम्या खोल्यांतून एक फेरी मारायची, दाराला कुलूप लावायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन तेच दार त्याच माणसांना उघडून द्यायचं. कराराचं काम करणारा एजंट दर वेळी मला हसतो. म्हणतो, मॅडम, आता बोटाचा ठसा कॉम्प्युटरवर जातो, नवा करार झाला की झालं, कुलपाला कोण विचारतंय? त्याचं खरं आहे हे मलाही कळतं. पण भाऊ पुण्याहून न चुकता फोन करतो. अप्पांचा नियम आहे, वर्षातून एक दिवस घर आपल्या ताब्यात आलंच पाहिजे, म्हणतो. त्याला पुण्यात बसून नियम पाळता येतो. जिने मी चढते.

आताचे भाडेकरू तुम्हाला पसंत पडले नसते. उल्हासनगरच्या सिंधी सासू-सुना आहेत, घरात पुरुषमाणूस नाही. सासू पापड लाटते, सून जीन्सच्या कारखान्यात शिवणकाम करते. त्यांच्या इमारतीत कुणाच्या तरी स्वयंपाकघरात वरचा स्लॅब कोसळला, मग इमारत धोकादायक ठरली आणि सगळ्यांना नेसत्या कपड्यांनिशी बाहेर काढलं. नवी इमारत उभी राहीपर्यंत त्यांचं भाडं सरकारी योजनेतून येतं, थेट माझ्या खात्यात, कधी वेळेवर, कधी आठवण करून दिल्यावर. सोसायटीचे सेक्रेटरी मला म्हणाले होते, सरकारी भाड्यावरची माणसं कशाला घेता, उद्या उठणार नाहीत. मी काही पुण्य कमवायला निघाले नव्हते. घर कित्येक महिने बंद पडून होतं, भिंतींना ओल धरली होती, आणि दुसरं कुणी बघायलाही येत नव्हतं, म्हणून हो म्हटलं. भाडं मंजूर व्हायच्या आधी योजनेच्या ऑफिसचा माणूस घर राहण्यालायक आहे का ते पाहायला आला होता. नळ सोडून पाहिले, छताकडे टॉर्च मारला, आणि तुम्ही स्वतः उभं राहून बसवून घेतलेल्या कडप्प्याच्या ओट्यावर थाप मारून म्हणाला, जुनं काम पक्कं असतं. तुम्ही हे ऐकायला हवं होतंत असं मला त्या क्षणी फार वाटलं.

या मदतीला एक अट आहे. माणसं त्याच घरात राहत असली पाहिजेत. ऑफिसचं कुणी न सांगता केव्हाही येतं, आणि घर बंद दिसलं किंवा सामान हललेलं दिसलं की घर सोडलं असा शेरा पडतो. मग नाव यादीतून जातं आणि पुन्हा पहिल्यापासून रांग. सुनेने मला आठवडाभर आधी फोन केला होता. म्हणाली, "दीदी, आजकल चेकिंगवाले फिर रहे हैं. आपला तो कुलूपवाला दिवस थोडा पुढे ढकलला तर चालेल का?" मी म्हटलं, एका दिवसाचाच तर प्रश्न आहे, काही होत नाही. फोन ठेवल्यावर मला स्वतःचाच आवाज ओळखीचा वाटला. तो तुमचा होता, अप्पा.

तुम्हाला उल्हासनगरची आपली खोली आठवते का? बराकीच्या मागची, एका बाजूला पत्रा घातलेली. तिथेही अकराव्या महिन्यात हाच दिवस यायचा. मी सात-आठ वर्षांची असेन. सकाळी उठते तर आई स्टोव्ह विझवून त्यातलं रॉकेल काढून घेतेय, देव टोपलीत ठेवतेय, आणि तुम्ही कारखान्यातून रजा काढून ट्रंका उचलताय. मला वाटतं आपण कुठेतरी गावाला चाललोय. मी नवा फ्रॉक घालून तयार होते. पण आपण कुठेच जात नाही, समोरच्या ओसरीवर ट्रंकांच्या मधोमध बसून राहतो. आई लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन बसलेली, येणाऱ्या-जाणाऱ्या बायका विचारतात, खोली सोडली का, आणि आई प्रत्येकीला म्हणते, नाही हो, साफसफाई. घरमालक मनाने वाईट नव्हता. दुपारी त्याच्याकडून आपल्याला चहा यायचा, आणि तुम्ही कप हातात घेऊन उभ्याउभ्याच प्यायचात. त्याच्यासमोर तुम्ही कधी बसला नाहीत. रात्र मावशीकडे काढायची आणि सकाळी पुन्हा सगळं आत न्यायचं. एकदा आई आत शिरता शिरता म्हणाली होती, आपल्या घराला असलं कुलूप कधी लावू नका. तुम्ही हो म्हणाला होतात. मी ऐकलं होतं.

आणि मग तुम्ही अंबरनाथचं घर घेतलंत. फंडातून, कर्जातून, आईच्या बांगड्यांतून. पुढे आपण बदलापूरला आलो आणि अंबरनाथला पहिला भाडेकरू ठेवलात तेव्हा बाजारातून हे पितळी कुलूप आणलंत, चांगलं जड, दोन किल्ल्यांचं. आई तेव्हा नव्हती, हे एका अर्थी बरंच झालं. तिसऱ्या की चौथ्या भाडेकरूच्या वेळी मी तुमच्याबरोबर आले होते. ती शाळेतली बाई, तिचं बाळ दोन महिन्यांचं होतं. ती जिन्यात पाळणा धरून उभी होती आणि मी तिला म्हटलं, राहू द्या हो, तुम्ही आत बसा, अप्पांना मी सांगते. तुम्ही मागेच उभे होतात. रस्त्यावर आल्यावर म्हणालात, "घर तुझ्या नावावर झालं की दया दाखव. दुसऱ्याच्या घराच्या जिवावर दया दाखवायला काही लागत नाही." मी तेव्हा नोकरी करत होते, दोन पैसे मिळवत होते, तरी रस्ताभर मला शाळकरी पोरीसारखं रडू येत राहिलं. त्या बाईने दुपारपर्यंत घर रिकामं केलं. पाळणा सगळ्यात शेवटी गेला.

तुमच्यावर मी फार दिवस चिडून होते. ज्या माणसाने स्वतः ट्रंका उचलल्या त्याने दुसऱ्याला उचलायला कशा लावल्या, हे मला कळत नव्हतं. आता थोडं कळतं, आणि कळतं याचाच राग येतो. हातात एकच घर असलं की माणूस त्याच्या दाराशी बसून राहतो. मला निवृत्त होऊन काही वर्षं झाली, गुडघे बोलायला लागलेत, आणि जमेला धरावं असं माझ्याकडे तुमचं ते घर सोडून काही नाही. ते कुणी बळकावलं तर, या विचाराने मलाही घाम फुटतो. हे मी कुणाला सांगत नाही. भावाचा नियम म्हणून सांगते.

तर परवा मी गेले. जिना चढून वर आले तर सामान आधीच बाहेर होतं. मी सांगायच्या आत त्यांनी सगळं काढलं होतं. गाद्यांच्या वळकट्या, शिलाई मशीन, सिलिंडर, झुलेलाल देवाची तसबीर एका खुर्चीवर नीट टेकवून ठेवलेली, आणि दुसऱ्या खुर्चीवर म्हातारी. समोर जमिनीवर शेगडी मांडून सून पापड भाजत होती. मला वाटलं त्यांची न्याहारी चाललीय. पण पापड माझ्यासाठी होता. आलेल्या माणसाला पापड आणि पाणी दिल्याशिवाय त्यांच्यात बोलायला सुरुवात करत नाहीत. मी म्हटलं, आधी कुलूप लावते, मग बसू. म्हातारीने माझ्या हातातल्या कुलपाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "बेटी, पहले पानी पी ले. ताला तो लगता रहेगा."

मी पाणी प्यायले. उभ्याउभ्याच. पापड अर्धा तोंडात होता आणि खालून कुणीतरी वर येत होतं. ऑफिसचाच माणूस, मागच्या वेळचा नव्हे, दुसरा, तरुण, गळ्यात कार्ड. त्याने सामानाकडे पाहिलं, मोबाइल काढला आणि सुनेला विचारलं, "घर सोडताय का?" तिच्या हातातला चिमटा तसाच राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. म्हातारीनेही माझ्याकडेच पाहिलं. आणि मला, अप्पा, त्या बायका दिसेनात. मला आई दिसली, बरणी घेऊन बसलेली, साफसफाई म्हणणारी.

मी म्हटलं, "सोडत नाहीत हो. ढेकणांचं औषध मारायचंय, म्हणून मीच बाहेर काढायला लावलं."

म्हातारीला मराठी चांगली कळते. ती खुर्चीतच ताठ झाली. इतकी वर्षं संसार केला, आमच्या घरात ढेकूण कुणी पाहिला नाही, असं काहीसं ती सिंधीत बोलायला लागली आणि सुनेने तिचा हात घट्ट दाबून धरला. त्या माणसाने आम्हा तिघींकडे आळीपाळीने पाहिलं. त्याला काय कळलं देव जाणे. म्हणाला, मला आतले फोटो लागतात, सामान जागेवर, गॅस पेटलेला, माणसं घरात. मी तळमजल्यावर दुसरं एक घर बघून येतो, तोवर बघा. आणि जाता जाता, "औषध उद्या मारा, ताई."

मग आम्ही जे सामान आत ओढलं म्हणता! सिलिंडर सुनेने नेला, शेगडी मी. शेगडी अजून गरम होती, पदरात धरून नेली आणि तुमच्या कडप्प्यावर ठेवली. तसबीर म्हातारीने स्वतः नेली, कुणाला हात लावू दिला नाही, आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ढेकणांचा राग तिच्या डोक्यातून गेला नव्हता. कुलूप हातात अडचण करत होतं म्हणून मी ते खिडकीच्या कट्ट्यावर टाकलं. तो माणूस वर आला तेव्हा दूध तापत होतं. त्याने फोटोसाठी मोबाइल धरला आणि मला विचारलं, तुम्ही कोण? घरमालक, म्हटलं. म्हणाला, मग तुम्ही जरा बाहेर व्हा, फोटोत फक्त राहणारी माणसं हवीत. मी बाहेर जाऊन जिन्यापाशी उभी राहिले. एक वळकटी अजून तिथेच पडली होती, तिच्यावर बसले. बऱ्याच वर्षांनी मी अशी बाहेर बसले होते.

संध्याकाळी भावाचा फोन आला. घेतलंस ना ताब्यात? मी म्हटलं, घेतलं. अप्पांना बरं वाटलं असतं, म्हणाला. मी हो म्हटलं. करार काल नवा झाला, एजंटने ठसे घेतले, हसला नाही या वेळी. सुनेला वाटतं मी फार मोठ्या मनाची आहे. तिने पापडांचं एवढं मोठं पुडकं दिलं आणि निघताना माझ्या पायांना हात लावला. मला ते सहन झालं नाही. कारण तो माणूस थोडा उशिरा आला असता तर मी पापड संपवून, हात पुसून, दाराला कुलूप लावलं असतं. तिने फोन केला होता, मला सगळं माहीत होतं, तरी लावलं असतं. घर माझ्या नावावर होऊन किती वर्षं झाली, आणि तुम्ही म्हणालात ती दया मला दाखवता आली नव्हती. त्या पोराच्या पावलांचा आवाज जिन्यात आला, इतकंच.

कुलूप तिथेच राहिलं. काल करारासाठी गेले तेव्हा सून म्हणाली, दीदी, आमचं जुनं कुलूप नीट लागत नाही, बाजारात जाताना तुमचंच लावलं तर चालेल ना? मी म्हटलं, वापरा, आणि पर्समधून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. म्हातारीने ती पदराच्या टोकाला बांधली आणि तेव्हा कुठे माझ्याशी बोलली. म्हणाली, एवढं जड कुलूप, चोर बघूनच पळेल.

हा कागद आता घडी करून कपाटाच्या कप्प्यात ठेवते. तिथे त्याच कुलपाची दुसरी किल्ली आहे. ती मी त्यांना दिलेली नाही, अप्पा. आहे हेही सांगितलेलं नाही.